नव्या संगीताला एक सभागृह द्या

मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका, यांस



या पत्रात एकच मागणी आहे आणि ती आधीच सांगून टाकतो. महापालिकेच्या सातही परिमंडळांत आपल्या मालकीचे एकेक छोटे सभागृह निवडावे. ते शाळेतले असेल किंवा समाजमंदिरातले, साठ ते शंभर माणसे बसतील एवढे. महिन्यातल्या काही ठरावीक संध्याकाळी ते प्रायोगिक आणि स्वतंत्र संगीतकारांच्या कार्यक्रमांसाठी माफक भाड्याने खुले करावे. मोठ्या कार्यक्रमांची सोय या महानगरात होते. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. २०२३ पासून महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर लोलापालूझा भरतो. अशा वेळी पोलीस, वाहतूक, अग्निशमन या सगळ्या यंत्रणा कामाला लागतात, आणि लागायलाच हव्यात. पण ज्या कार्यक्रमाला चाळीस श्रोते येतात आणि ज्यातले संगीत अजून कुठल्याच ठरलेल्या प्रकारात बसत नाही, त्याला इथे हक्काची जागा नाही. पुढच्या वीस वर्षांत या शहरात कोणते संगीत घडेल, हे बऱ्याच अंशी त्या चाळीस जणांसमोर ठरत असते. म्हणून त्यांच्यासाठी जागा राखणे हे महापालिकेचे काम आहे, असे माझे म्हणणे आहे.

सगळे संगीत फोनवर मिळत असताना ते ऐकायला कुठे जायचेच कशाला, हा पहिला प्रश्न. इतर संगीताबद्दल काहीही म्हणता येईल, पण या संगीतापुरते उत्तर स्पष्ट आहे: त्यातले बरेचसे ते वाजते त्या खोलीबाहेर अस्तित्वातच नसते. 'नो-इनपुट मिक्सर' हा प्रकार घ्या. जपानचे तोशिमारू नाकामुरा त्यासाठी ओळखले जातात. मिक्सरला ना माइक जोडलेला असतो ना वाद्य. त्याचेच आउटपुट त्याच्याच इनपुटमध्ये परत सोडतात आणि त्या फीडबॅकला बटणांनी वळण देत संगीत घडवतात. लाइव्ह कोडिंगमध्ये कलावंत सगळ्यांसमोर संगणकावर आज्ञावली लिहीत असतो. ती पडद्यावर दिसत असते, आणि ओळ बदलली की वाजणारे संगीतही बदलते. मॉड्युलर सिंथेसायझरच्या वायरी एकदा उपसल्या की आजचा आवाज उद्या जसाच्या तसा जुळवणे अवघड असते. अर्धा तास चालणाऱ्या ड्रोनमध्ये, म्हणजे सलग लांबवलेल्या स्वरांत, खोलीच्या भिंतींवरून परतणारे स्वर एकमेकांत मिसळतात. श्रोत्याने मान जरा वळवली, चार पावले बाजूला टाकली, तरी त्याला वेगळे ऐकू येते. त्यातला खालचा खर्ज फोनच्या स्पीकरमधून जवळजवळ येतच नाही; तो छातीवर जाणवावा लागतो. शिवाय समोरचे श्रोते किती एकाग्र आहेत, यावर कलावंत एखादी कल्पना किती ताणायची ते ठरवतो. ख्यालगायकाला समोरच्या दादेतून जे कळते, तेच इथे शांततेतून कळते. रेकॉर्डिंग या साऱ्याची नोंद ठेवते, पण त्याची जागा घेऊ शकत नाही.

अशी खोली आणि असे श्रोते नसले तर काय होते, याचा दाखला याच शहरात आहे. हिंदी चित्रपटसंगीतात वाद्यवादन करणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंड कंपनीची ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही यंत्रे वापरून दहा रागांची ध्वनिमुद्रिका केली. 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' हे तिचे नाव. शिकागोत पुढे काही वर्षांनी ज्या संगीताला 'ॲसिड हाउस' म्हणू लागले, त्याच्याशी तिचे साम्य थक्क करणारे आहे. पण ती खपली नाही. चाकोरीबाहेरचे संगीत ऐकायला जमणारा, पुढच्या खेपेला अजून काय आणाल असे विचारणारा श्रोतृवर्ग तिच्याभोवती उभा राहिला नाही, आणि ती विस्मृतीत गेली. अखेर २०१० मध्ये एका डच संग्राहकाने ती पुन्हा प्रसिद्ध केली तेव्हा जगाचे लक्ष तिकडे वळले आणि सत्तरीकडे झुकलेल्या सिंग यांना युरोपात प्रत्यक्ष वाजवण्याची निमंत्रणे आली. २०१५ मध्ये ते मुंबईत वारले. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची कहाणीही अशीच. अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी १९६९ मध्ये तिथे मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभारला आणि गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा अशा भारतीय संगीतकारांनी त्यावर रचना केल्या. त्या ध्वनिफिती लोकांपर्यंत पोचल्या २०२३ मध्ये. दोन्ही ठिकाणी प्रतिभा होती आणि त्या काळातली अद्ययावत यंत्रेही होती. लोकांसमोर पुन्हा पुन्हा वाजवण्याची जागा मात्र नव्हती, म्हणून एकाच्या कामातून दुसऱ्याला काही सुचण्याची साखळी तयार झाली नाही. आपण काळाच्या पुढे होतो हे आपल्याला तीस आणि पन्नास वर्षांनी कळले, तेही बाहेरून.

उलट बाजूचा दाखला मराठी वाचकाला सांगायची गरज नाही, पण महापालिकेला त्याची आठवण द्यायला हवी. १९७४ मध्ये 'आविष्कार' संस्थेने दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटके करायला सुरुवात केली. सुलभा आणि अरविंद देशपांडे, अरुण काकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सभागृह स्वतःपुरते न ठेवता इतर संस्थांनाही खुले केले. ते काही नाट्यगृह नव्हते, शाळेचे साधे सभागृह होते. पण भाडे परवडणारे होते, तारखा मिळत होत्या, आणि आजचा प्रयोग फसला तरी कोणी देशोधडीला लागत नव्हते. तेंडुलकर, एलकुंचवार, आळेकर यांच्या नाटकांचे प्रयोग तिथे झाले. तिथे घडलेले नट, दिग्दर्शक आणि तंत्रज्ञ पुढे व्यावसायिक रंगभूमीवर, चित्रपटांत, दूरचित्रवाणीवर गेले. जवळजवळ दोन दशके हे चालले, आणि पुढे 'आविष्कार'ला आधार मिळाला तो माहीमच्या महापालिका शाळेचा. म्हणजे मी जे मागतो आहे ते महापालिकेने एकदा करून दाखवलेले आहे. छबिलदासला कोणत्याही एका प्रयोगाला आलेले प्रेक्षक मोजले तर आकडा किरकोळच निघेल. पण तो आकडा पाहून त्या चळवळीचे मोल ठरवणारा माणूस आज महाराष्ट्रात सापडणार नाही. नाटकाला जे दिले ते संगीताला द्यावे, एवढेच मागणे आहे.

आज हे संगीतकार वाजवतात कुठे? बहुतेक वेळा रेस्टॉरंट आणि बारमध्ये. या जागांनी शहराच्या संगीतासाठी पुष्कळ केले आहे. लोअर परळच्या गिरणीच्या आवारात २००७ मध्ये सुरू झालेल्या 'ब्लू फ्रॉग'ने दर्जेदार ध्वनियंत्रणेची सवय मुंबईला लावली. पण २०१६ मध्ये तेही बंद झाले. अशा जागेचा खर्च खाण्यापिण्याच्या बिलातून निघतो. जे संगीत ऐकताना माणसे अर्धा तास हलत नाहीत आणि काही मागवत नाहीत, ते मालकाला परवडत नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. दुसरी अडचण याहून गंभीर आहे. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आणि कडक मद्यासाठी २५ वर्षांची. साहजिकच अशा जागा दारातच वय पाहतात. नव्या संगीताची सर्वाधिक ओढ ज्या वयात असते, त्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना दारूशी काही देणेघेणे नसले तरी आत जाता येत नाही. मोकळ्या जागांचा इतिहासही असाच. धोबीतलावच्या रंगभवनात १९७८ मध्ये पहिली जॅझ यात्रा झाली, १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव भरू लागला आणि इथल्या रॉक संगीताच्या दोन पिढ्या तिथे तयार झाल्या. रुग्णालये आणि महाविद्यालय शेजारी असल्याने तो परिसर शांतता क्षेत्रात आला आणि तिथले संगीत थांबले. रुग्णांच्या बाजूने घेतलेला निर्णय योग्यच होता. चूक एवढीच झाली की बंद केलेल्या जागेच्या बदल्यात दुसरी जागा कोणी दिली नाही.

जागा नाही म्हणून संगीत थांबते असेही नाही. ते गोदामात जाते, बंद पडलेल्या कारखान्यात जाते, गच्चीवर जाते, आणि तिथे आग विझवण्याची सोय नसते. २ डिसेंबर २०१६ रोजी अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये 'घोस्ट शिप' नावाच्या गोदामात इलेक्ट्रॉनिक संगीताचा असाच एक कार्यक्रम चालू असताना आग लागली आणि ३६ जणांचा मृत्यू झाला. घरभाडी आवाक्याबाहेर गेलेल्या त्या भागात कलावंत त्याच गोदामात राहत होते आणि तिथेच कार्यक्रम करत होते. वर्षभराने, २९ डिसेंबर २०१७ रोजी, आपल्या कमला मिलमधल्या आगीत १४ जण गेले. तिथले उपाहारगृह काही प्रायोगिक संगीताचे ठिकाण नव्हते. पण गर्दीच्या जागेत सुरक्षेची हेळसांड झाली तर काय होते, हे मुंबईने तेव्हा पाहिले. तेव्हा सुरक्षेचे कारण पुढे करून कोणी या मागणीला नकार देणार असेल, तर माझे सांगणे उलट आहे. सुरक्षेसाठीच ही सभागृहे हवीत. प्रवेशाची संख्या ठरलेली, बाहेर पडायला दोन दरवाजे, तपासलेली वीजजोडणी, अग्निशमन दलाची पाहणी झालेली, दारू नाही, अशी जागा महापालिकेशिवाय दुसरे कोण इतक्या कमी खर्चात देऊ शकते?

शेजाऱ्यांच्या शांततेचा आक्षेप सगळ्यात रास्त आहे, आणि त्याला उत्तर देताना पळवाट काढू नये. दाट वस्तीच्या या शहरात लोक आधीच आवाजाने त्रासलेले आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र धरली जाते दहापासून. ही मर्यादा या कार्यक्रमांनी काटेकोरपणे पाळावी. कार्यक्रम साडेनऊला संपावा. आवाज सभागृहाच्या आत नव्हे, तर कुंपणाच्या भिंतीपाशी मोजावा आणि ती नोंद शेजाऱ्यांना पाहायला मिळावी. रुग्णालयाजवळचे किंवा जाहीर शांतता क्षेत्रातले सभागृह निवडूच नये. भिंतींना जाड पडदे आणि खिडक्यांना दुहेरी काच यासाठी एकदाच खर्च करावा लागेल. त्याचा उपयोग शाळेच्या कार्यक्रमांनाही होईल. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. प्रायोगिक संगीत म्हणजे कर्कश आवाज हा समज अर्धवट आहे. त्यातला मोठा भाग इतका हळू असतो की पंख्याची घरघरही त्यात अडथळा ठरते. जे खरोखरच मोठ्या आवाजाचे असते, ते या सभागृहांत होणार नाही. ही मर्यादा संगीतकारांनी मान्य करायला हवी. शहरात एकत्र राहायचे तर दोन्ही बाजूंना काही सोडावे लागते. आज मात्र फक्त संगीतकारच सगळे सोडतो आहे.

मूठभरांच्या आवडीसाठी सार्वजनिक पैसा का, असेही विचारले जाईल. आधी पैशाचा हिशेब. महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. संध्याकाळी कुलूप लागणारी सात सभागृहे उघडण्याचा खर्च त्यात शोधूनही सापडणार नाही. इथे अनुदान मागितलेले नाही, कलावंतांचे मानधन मागितलेले नाही, महोत्सव मागितलेला नाही. जागा, वीज आणि एक पहारेकरी, त्याचेही माफक भाडे देऊन. पण खरा मुद्दा हिशेबापलीकडचा आहे. सार्वजनिक वाचनालयात असे कितीतरी ग्रंथ असतात जे वर्षात दोन-चार वाचकच मागतात, तरी आपण ते काढून टाकत नाही, कारण ते दोन-चार वाचक कोण असतील आणि त्यातून काय घडवतील हे आधी ठरवता येत नाही. प्रायोगिक संगीतातले बरेचसे प्रयोग फसतील, हेही मी मोकळेपणाने मान्य करतो. काही कंटाळवाणे असतील, काही निव्वळ नक्कल असतील. मात्र कोणता प्रयोग फसणार हे वाजवून पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणूनच फसण्याची किंमत कमी ठेवावी लागते. एका संध्याकाळचे भाडे हजारांत गेले की संगीतकार धोका पत्करत नाही. लोकांना आधीच ठाऊक असलेली गाणी वाजवतो. भाडे कमी असणे ही या उपक्रमातली सवलत नाही, ते त्याचे मूळ कारण आहे.

हे आपले संगीत नाही, पाश्चात्त्यांचे अनुकरण आहे, असे म्हणणाऱ्यांना मला आपल्याच परंपरेकडे पाहायला सांगायचे आहे. कुमार गंधर्वांनी नवे राग बांधले, लोकधुनांतून रागांचा शोध घेतला, तेव्हा परंपरा मोडली असे म्हणणारे जाणकार कमी नव्हते. पण त्यांना पुन्हा पुन्हा बोलावणारे, समजून घेण्यासाठी ऐकणारे श्रोतेही होते. ते श्रोते घडवले गावोगावच्या आणि उपनगरांतल्या म्युझिक सर्कलांनी, सभासदांच्या वर्गणीवर, शाळांच्या आणि वाड्यांच्या सभागृहांत. बैठक ही आपली जुनी रीत आहे: थोडे श्रोते, जवळून ऐकणे, आणि कलावंताला वेळ देणे. आजचे प्रायोगिक कार्यक्रम याच रीतीने चालतात. त्यांचा आशयही परका नाही. मराठी, हिंदी आणि इतर भाषांत रॅप करणाऱ्या मुंबईच्या 'स्वदेसी' या गटाने २०१९ मध्ये आरेच्या जंगलाबद्दलचे 'द वारली रिव्होल्ट' हे गाणे आदिवासी गायक प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन केले. या शहराच्या एका जिव्हाळ्याच्या प्रश्नावर या शहराच्या भाषांत बोलणारे संगीत चित्रपटांच्या स्टुडिओत तयार झाले नाही, ते स्वतंत्र कलावंतांनी घडवले. यंत्रे बाहेरची आहेत हे खरे. पण हार्मोनियमही बाहेरचीच होती, आणि तिच्याशिवाय आज ना नाट्यगीत उभे राहते ना भजन.

शेवटचा प्रश्न श्रोत्यांचा: येतील का, आणि पैसे देतील का? देतात, असा अनुभव आहे. गेल्या दशकात मुंबईत 'कंट्रोल ऑल्ट डिलीट' या नावाने झालेल्या स्वतंत्र बँडच्या कार्यक्रमांचा खर्च श्रोत्यांनी आपणहून वर्गणी काढून उचलला. म्युझिक सर्कलची पद्धत एका नव्या पिढीने नव्याने शोधली, असेच त्याला म्हणावे लागेल. लंडनच्या डॉल्स्टन भागात २००८ मध्ये सुरू झालेले 'कॅफे ओटो' दिवसा चहा-कॉफी विकते आणि रात्री जगभरचे प्रायोगिक संगीत ऐकवते. तिथले श्रोतेही एका दिवसात तयार झाले नाहीत. आठवड्यामागून आठवडे त्याच ठिकाणी काहीतरी होत राहिले म्हणून ते जमले. इथे सातत्याला महत्त्व आहे. वर्षातून एक महोत्सव केल्याने श्रोता घडत नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी अमुक ठिकाणी काहीतरी असते, हे ठाऊक असल्याने घडतो. कायद्याचीही यात मदत आहे. ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाच्या संगीत कार्यक्रमाला वस्तू व सेवा करातून सूट आहे. तिकीट दोनशे रुपये ठेवले, विद्यार्थ्यांना शंभर, तरी साठ श्रोत्यांत भाडे सुटून कलावंतांच्या हाती काहीतरी उरते.

या सगळ्याला व्यवस्थेचे रूप देणे अवघड नाही. तारखांचे वाटप सोडतीने व्हावे, म्हणजे ओळखीपाळखीला वाव राहणार नाही. कोणते संगीत चांगले हे ठरवणारी समिती नेमू नये; वेळ, आवाज, संख्या आणि सुरक्षा यांचे नियम पाळणाऱ्या कोणालाही तारीख मिळावी. पोलिसांचा ध्वनिक्षेपक परवाना आणि अग्निशमन दलाचे प्रमाणपत्र दर कार्यक्रमाला वेगवेगळे मागण्याऐवजी सभागृहासाठी वर्षभराची एकच परवानगी विभाग कार्यालयातल्या एका खिडकीवर मिळावी. प्रत्येक सभागृहासाठी शेजारच्या रहिवाशांचे दोन प्रतिनिधी असावेत आणि नियम मोडल्यास त्यांच्या तक्रारीवरून पुढच्या तारखा रोखता याव्यात. दोन वर्षे हे करून पाहावे. त्यानंतर किती कार्यक्रम झाले, किती श्रोते आले, किती तक्रारी आल्या आणि आवाजाच्या नोंदी काय सांगतात, हे सगळे जाहीर करून उपक्रम चालू ठेवायचा की बंद करायचा ते ठरवावे. तो अपयशी ठरला तर सभागृहांचे काही बिघडणार नाही. शाळेला पडदे आणि काचा मिळालेल्या असतील.

महोदय, हे पत्र लिहिताना मला दोन पिढ्या दिसतात. एक पिढी चरणजित सिंग यांची, जिच्या हातात यंत्रे होती पण ऐकणारे समोर नव्हते. दुसरी आजच्या अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींची. यंत्रे त्यांच्या लॅपटॉपमध्ये आहेत, ऐकण्याची तयारी त्यांच्या मित्रमैत्रिणींत आहे, मात्र एकत्र बसायला त्यांना जागा नाही. पहिल्या पिढीला आपण जे देऊ शकलो नाही ते दुसरीला देणे पूर्णपणे आपल्या अधिकारात आहे. त्यासाठी नवा कायदा नको, विधानसभेची मंजुरी नको, मोठा निधी नको. या आर्थिक वर्षात किमान एका परिमंडळात एक सभागृह निवडून त्याच्या पहिल्या सहा महिन्यांच्या तारखा जाहीर कराव्यात, ही विनंती. तारखा जाहीर झाल्या की सभागृह भरण्याची जबाबदारी आम्हा श्रोत्यांची, आणि ती आम्ही पार पाडू.

आपला,
मुंबईतला एक श्रोता